सहामाहीच्या तोंडावर समुद्र

गेल्या नवरात्रात मी माझ्या मुलीला शाळा बुडवायला लावून समुद्रावर नेलं. माणसं मुलांना चांगल्या शाळेत घालण्यासाठी धडपडतात. मी चांगल्या शाळेतून चार दिवस बाहेर काढण्यासाठी धडपडलो, आणि त्यात जेवढं डोकं वापरलं तेवढं नोकरीत वापरलं असतं तर एव्हाना हाताखाली दोन-चार माणसं तरी असती.

थोडं मागचं सांगायला हवं. मुलीची आई आणि मी आता वेगळे राहतो. मुलगी आईबरोबर नारायण पेठेत, आजोळी. मी वाघोलीत, अकराव्या मजल्यावर. नकाशात दोन्ही पुण्यातच दाखवतात. एकाआड एक रविवार माझा, आणि मोठ्या सुट्ट्या निम्म्या-निम्म्या, असं कागदावर ठरलेलं आहे.

कागदावरचं सगळं मिळतं, पण ते मिळूनही हातात काही येत नाही हे मला त्याच्या आदल्या दिवाळीत कळलं. निम्मी दिवाळी ती माझ्याकडे आली. तिकडे नारायण पेठेत मामेभावंडं जमलेली, दारात किल्ला चाललेला. ही माझ्या बाल्कनीत फोन धरून बसायची आणि वाघोलीतून किल्ला बांधायची. "अरे, तोफ तिकडे नको! बुरुजावर! आणि अळीव टाकलेत त्याच्यावर पाणी मार कोणीतरी!" असा कारभार. मीही मग ईर्षेनं बाजारातून एक तयार किल्ला आणला. प्लास्टिकचा. दिवे लागणारा. तिनं तो चहूबाजूंनी पाहिला आणि म्हणाली, "छान आहे." नारायण पेठेत 'छान आहे' म्हणतात तेव्हा तो विषय संपलेला असतो.

त्यानंतर कित्येक महिने मी विचार करत होतो आणि मला एक सिद्धान्त सापडला. सुट्टीत ती सगळ्यांची असते. भावंडं, मामा, मावशी, फराळ, किल्ला, मे महिन्यात आंबे; एवढ्या सगळ्यांपुढे अकराव्या मजल्यावरचा एकटा बाप काय पुरा पडणार? पण ज्या दिवशी कोणालाच सुट्टी नाही, त्या दिवशी ती माझी. फक्त माझी. म्हणजे न्यायचं ते भर शाळेच्या दिवसांत. मला फार काही नको होतं. एकदा, निदान एकदा, तिनं आपण होऊन विचारावं, 'बाबा, पुन्हा कधी जायचं?' दर वेळी मीच विचारतो. ती 'बरं' म्हणते.

तिच्या आईला फोन केला.

"बुधवार ते शनिवार तिला कोकणात नेईन म्हणतो."

"शाळा आहे तिला."

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

"गर्दी नसते. सगळं शांत असतं."

"शांत तर तुझ्या घरीही असतं," ती म्हणाली. "तिला विचार. ती हो म्हणाली तर ने. शाळेत मात्र तू सांगायचंस. तुझ्या वतीनं खोटं बोलायचं माझं काम संपलेलं आहे."

रविवारी मुलीला विचारलं. आम्ही इडली खात होतो.

"समुद्रावर? आत्ता? या आठवड्यात?"

"हो!" मी टेबलावर ताल धरला.

"कुठले वार?"

मी वार सांगितले. तिनं वर गरगरणाऱ्या पंख्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं." मी 'बरं' तेवढं ऐकलं. पंख्याकडे माझं लक्षच नव्हतं.

राहिली शाळा. कारण काय द्यावं? आजारपण म्हणावं तर मुलगी उन्हानं रापून परत येणार. लग्न म्हणावं तर नवरात्रात लग्न कोण करतं? कोणी गेलं म्हणावं तर माझ्याकडे नातेवाईक आधीच थोडे. त्यातला एक हकनाक कमी करायला मन होईना. शेवटी कुलदेवी. पुण्यातल्या शाळेत कशालाही नाही म्हणतील, कुलदेवीला नाही म्हणायची कोणाची छाती नाही.

वर्गाच्या बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हं. बोला."

"कुलदेवीला जायचंय. चार दिवस."

"सहामाही तोंडावर आलीय हो."

"कुळाचार आहे."

"कुठली तुमची?"

इथे माझी पंचाईत झाली. आमची कुलदेवी कुठली हे मला खरोखर माहीत नव्हतं. ते खातं माझ्या आईकडे होतं, आणि ती गेल्यावर कोणाकडेच नाही. तोंडाला आलं ते सांगून मोकळा झालो. "तुळजापूर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. "अगंबाई! आमचीसुद्धा तीच." चेहरा एकदम मऊ झाला. "यंदा सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यामुळे माझं काही जाणं होत नाही. मनाला फार लागून राहिलंय. एक काम कराल का माझं?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मुलीच्या हातात पिशवी होती. आत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, पुड्यांमध्ये हळद-कुंकू. बाईंनी देवीसाठी ओटी पाठवली होती.

बुधवारी पहाटे नारायण पेठेतून तिला घेतलं. ओटीची पिशवी डिकीत ठेवायला ती तयार होईना. "देवीचं आहे बाबा, डिकीत काय ठेवतोस," म्हणून मांडीवर घेऊन बसली. चांदणी चौक गेला, पिरंगुट गेलं. मग मागून आवाज आला, "तुळजापूर आधी की समुद्र आधी?"

"तुळजापूर ना," मी म्हणालो, "ते जरा उलट्या दिशेला आहे."

"किती उलट्या?"

"पूर्णच."

"आम्हाला नकाशात आहे ते. सोलापूरच्या तिकडे. मग बाईंना काय सांगितलंस?"

"सांगितलं, जे... सांगायचं ते."

तिनं पिशवी छातीशी नीट धरली आणि ताम्हिणी घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी धबधबे दाखवत होतो. ते बिचारे पावसाळा संपल्यामुळे आधीच ओशाळलेले होते.

आम्ही उतरलो ते घर एका काकूंचं होतं. पुढे नारळ-पोफळी, मागे चार खोल्या, त्यातली फक्त आमची उघडी. काकूंनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आत्ता कशी काय सुट्टी? शाळा नाय हिला?"

"काढली सुट्टी," मी शूरासारखं म्हणालो.

"हां," काकू म्हणाल्या आणि माशांना मीठ लावायला गेल्या.

किनारा तर असा रिकामा, की आमच्यासाठी राखून ठेवल्यासारखा. शहाळ्याची टपरी निळ्या प्लास्टिकखाली बांधलेली. घोडागाडीवाला नाही, भेळवाला नाही. एक कुत्रं होतं, तेही आमच्याकडे पाहून निघून गेलं. मला वाटलं, वा! हेच तर हवं होतं. मुलीनं शिंपले गोळा केले, पाण्यात पाय बुडवले, किंचाळलीसुद्धा. मग ओंजळभर शिंपले घेऊन ती वाळूत उभी राहिली आणि इकडेतिकडे पाहू लागली. ते दाखवायला दुसरं कोणीतरी हवं होतं. मी पुढे होऊन प्रत्येक शिंपल्याला "अरे वा" म्हणालो. तिसऱ्या 'अरे वा'नंतर तिनं शिंपले हळूच खाली ठेवून दिले.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"तीन. का?"

"म्हणजे आता मधली सुट्टी होईल."

मग वेळापत्रक सुरू झालं. आता मराठी असेल. आता खेळाचा तास, आज आमची पाळी मैदानाची होती. आता वंदे मातरम्. आता सुटली. तिची शाळा दुपारची. आमची अख्खी दुपार त्या शाळेच्या घंटेवर गेली. मी बॅडमिंटन काढलं, फूल वाऱ्यानं समुद्रात गेलं. विनोद सांगितले, ती हसली. पाहुण्यांनी केलेल्या विनोदाला हसतात तशी. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटू नये म्हणून ती मला सांभाळून घेत होती, आणि हे मला कळतंय हे तिला कळू नये म्हणून मी आणखी मोठ्यानं हसत होतो. सबंध किनाऱ्यावर माझा एकही प्रतिस्पर्धी नव्हता, आणि तरी मी हरत होतो.

संध्याकाळी तिनं पिशवी पुढे केली. "हिचं काय करायचं?"

ओटी भरायला घरातली बाई लागते. आमची मूळ अडचण तीच. काकूंनी पिशवीत डोकावून विचारलं, "मिसेस नाय आल्या?"

"ऑफिस असतं तिला," मी म्हणालो.

"आई-बाबा वेगळे राहतात," मुलगी म्हणाली. वार सांगावा तसं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. पदराला हात पुसत म्हणाल्या, "चला, मी येते. आमच्या गावदेवीला भरू. सगळ्या बहिणीच त्या."

देवळात दिवा होता, आम्ही होतो, बस्स. काकूंनी ओटी भरली. मुलगी देवीच्या अगदी जवळ गेली आणि समजावून सांगायला लागली, "ही आमच्या बाईंनी दिलीय. तुमच्यासाठी नाही, तुळजापूरच्या देवीसाठी. पण तुम्ही पोचवाल ना?" काकू म्हणाल्या, "पोचवते ती." मी मागे हात जोडून उभा होतो. माझ्याकडून विचारायचं असं काही नव्हतं, म्हणजे होतं, पण ते देवीला कसं विचारणार? तिथेच नारळ फोडला आणि खोबऱ्याची एक वाटी प्रसाद म्हणून परत मिळाली. मुलीनं ती रुमालात बांधली. बाईंसाठी.

गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन ओसरीवर आलो तर ती दिसेना. पाहिलं तर किनाऱ्यावर. ओल्या वाळूत तिनं भला मोठा हत्ती काढला होता. सोंड, सुळे, पाठीवर झूल, झुलीला शिंपल्यांची किनार. आणि त्या हत्तीभोवती ती एकटी फेर धरत होती. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, जणू कोणाच्या तरी हातात दिलेले. ओठ हलत होते. वाऱ्यामुळे गाणं माझ्यापर्यंत येत नव्हतं.

भोंडला मला माहीत होता. म्हणजे बहिणी नसलेल्या मुलाला असतो तेवढाच: नवरात्रात मुली हत्तीभोवती गाणी म्हणत फिरतात आणि शेवटी झाकून आणलेली खिरापत ओळखायची असते. आम्हा मुलांचा संबंध शेवटल्या डब्याशी.

मी जवळ गेलो. "भोंडला वाटतं?"

ती थांबली. "उद्या शाळेत आहे."

"उद्या?"

"शुक्रवारी. आमच्या गटाची खिरापत माझ्याकडे होती. मग मी ती दुसरीला दिली. तिची आई काय देईल काय माहीत, ती सगळीकडे शेवच देते."

पंखा आत्ता माझ्या डोळ्यांपुढे गरगरायला लागला. "मग बोलली का नाहीस मला?"

"तू बुकिंग केलं होतंस."

"अगं, मग काय झालं?"

तिनं पायाच्या अंगठ्यानं हत्तीचं शेपूट नीट केलं. "मी नाही म्हटलं असतं तर तू एकटाच आला असतास."

मी समुद्राकडे बघत राहिलो. समुद्राचा हा एक फायदा असतो, त्याच्याकडे कितीही वेळ बघत राहिलं तरी कोणी काही विचारत नाही.

"ये की," ती म्हणाली. "तू पण ये फेरात."

दोघांनी हात धरले. पण दोघांचं रिंगण होत नाही. हत्ती मोठा, हात तोकडे. फिरायला लागलो तर तो मधे राहीना, पायांखाली येऊ लागला. गाणं मला येत नव्हतं, मी नुसतंच 'हं हं' करत होतो, आणि दुसऱ्याच फेरीत माझा पाय सोंडेवर पडला. "बाबा!" मग खिरापत. तिनं रुमालाखाली काहीतरी झाकून आणलं. "ओळख."

"लाडू? वडी? शिरा? साटोरी?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुला माहितीये. बिस्किटं तूच आणलीस ना. असं नाही खेळायचं बाबा, मजा नाही येत."

आम्ही ती बिस्किटं खाल्ली. त्यात वाळू होती.

"चल," मी उठलो.

"कुठे?"

"पुण्याला. उद्याचा भोंडला गाठायचाय ना?"

त्या सगळ्या सहलीत ती खऱ्या अर्थानं खूश दिसली ती या वाक्यानंतर. सामान तिनंच भरलं. काकूंनी वाटेत खायला घावन दिले आणि म्हणाल्या, "पुढच्या टायमाला सुट्टीत या. तेव्हा पोरं असतात इथं."

आणि काय सांगू, परतीच्या वाटेवर ती जी बोलायला लागली! कोणाची आई खिरापतीत काय लपवते, मागच्या वर्षी कोणती मुलगी फेरात पडली आणि तिच्यावर सगळ्या कशा पडल्या, बाई कशा गोड खिरापतच ओळखतात आणि तिखट आली की रुसतात. घाट चढून वर आलो तरी संपेना. इतकं ती माझ्याशी कधी बोललीच नव्हती. त्यासाठी गाडीचं तोंड घराकडे व्हावं लागलं.

नारायण पेठेत दिवेलागणीला पोचलो. दार तिच्या आईनं उघडलं. "लवकर सोडलं समुद्रानं?"

"उद्या भोंडला आहे तिचा."

"मला माहितीये."

"मग मला सांगायचं नाही?"

"तिनंच सांगू दिलं नाही," ती म्हणाली, आणि आवाज नेहमीपेक्षा खाली आला. "म्हणाली, बाबाचं ठरलंय." मग दारातूनच विचारलं, "चहा घेणार आहेस का?" पुण्यात हा प्रश्न असा विचारला की उत्तर आतच असतं. मी नको म्हणालो.

शुक्रवारी माझी रजा शिल्लक होती. रद्द करता आली असती, पण ऑफिसात मी समुद्राच्या आणि मुलीच्या इतक्या बाता मारून ठेवल्या होत्या की जायला तोंड नव्हतं. कामाच्या दिवशी भर दुपारी सोसायटी कशी असते ते मी पहिल्यांदाच पाहिलं. पार्किंग रिकामं, झोपाळे रिकामे. लिफ्ट खाली जायची आणि कोणालाच न घेता वर यायची. सुरक्षारक्षकानं विचारलं, "साहेब, बरं नाही का?" मी म्हणालो, "सुट्टी आहे." त्यानं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. सगळे कामाला गेलेले असताना आपल्यालाच सुट्टी असली की कसं वाटतं, ते मी बाल्कनीत बसून पुरेपूर अनुभवलं. माझी मुलगी हे दीड दिवसातच शिकली होती.

चार वाजता राहवेना. नगर रस्त्याची गर्दी कापत नारायण पेठेत गेलो. माझा रविवार नव्हता, तेव्हा उघडपणे उभं राहायची सोय नव्हती. शाळेसमोर दप्तरांचं एक दुकान आहे, तिथे टांगलेल्या दप्तरांमागे जागा घेतली. भिंतीपलीकडून गाणी ऐकू येत होती. मुलींचे आवाज, एकात एक मिसळलेले. त्यातला माझा कोणता ते ओळखायचा मी प्रयत्न केला. एकदा ओळखला असं वाटलं, पण मग तो दुसऱ्याच बाजूनं आला.

"घ्यायचंय काही, का नुसतं उभं राहायचंय?" दुकानदार म्हणाले.

"बघतोय."

"बघून झालं की सांगा. गिऱ्हाईकांना दप्तरं दिसत नाहीयेत."

तेवढ्यात शाळा सुटली. ती तीन मैत्रिणींबरोबर बाहेर आली आणि नेमकी दुकानासमोरच घोळका करून उभी राहिली. केसांत गजरा, तोंडाला खिरापत.

"...अगं, एवढी रांग!" ती सांगत होती. "आम्ही पहाटे उभे राहिलो ते उजाडलं तरी तिथेच. आणि ढोल! आणि सगळ्यांच्या कपाळाला हळद. माझ्यासुद्धा. बाईंनी प्रसाद डोळ्यांना लावला, पाहिलंस ना?"

मी दप्तरांमागे गार पडलो. ती खोटं बोलत होती आणि सुरेख बोलत होती, अडखळत नव्हती. वाळूतला हत्ती नव्हता त्यात, काकूंचं देऊळ नव्हतं. ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. मी जन्मभर लक्षात राहावी म्हणून आखलेली सहल तिला पहिल्याच दिवशी दुसऱ्या सहलीखाली झाकावी लागली होती, आणि ती माझ्यासाठी.

"ते बघ तुझे बाबा!" एक मैत्रीण ओरडली. दप्तरं हलली असावीत.

मी बाहेर आलो. दुकानदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की भीती ते मला नीट कळलं नाही.

"काका," ती मैत्रीण म्हणाली, "रांग खरंच एवढी मोठी होती?"

"हो तर," मी म्हणालो. "म्हणजे... बरीच होती. दुपारपर्यंत उभे होतो."

"ही तर म्हणाली, उजाडेपर्यंत."

मी मुलीकडे पाहिलं. तिनं क्षणभर खालचा ओठ चावला. मग मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून तिला पुढे वळवत म्हणाली, "त्याला कुठून कळणार? तो आत आलाच नव्हता. बाहेर चपला सांभाळत होता."

"हो ना काका?"

"हो," मी म्हणालो. "मी चपला सांभाळत होतो."

ती वळून हसली. मग चौघी गल्लीच्या कोपऱ्याला गेल्या, गाणं म्हणत, आणि मी गाडीकडे चालायला लागलो.